खालचा मजला तिघांचा

मी, हेमलता बालाजीराव सुर्वे, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार अंबत्तूर, चेन्नई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करते. यापूर्वीचे सगळे कागद रद्द. वकिलांनी भाषा सुधारून दिली होती. ती मी पुन्हा माझ्या तंजावरी वळणावर आणली आहे.

१. वरचा मजला आणि बँकेतली ठेव माझा मुलगा व्यंकट याला. त्याला मराठी वाचता येत नाही, तेव्हा कोणीतरी तमिळमध्ये समजावून सांगावे. रागावू नकोस रे कण्णा.

२. खालचा मजला, शेगड्या-भांड्यांसह, तिघांना मिळून: आमची तंजावर मराठी सभा, महाराष्ट्रातून आलेल्यांचे सह्याद्री मंडळ, आणि एन्नोरच्या कोळी बायकांचा संघ. तिथे तिघांचा एकच स्वयंपाक चालावा. वाटणी करायची नाही, दारावर कोणाची पाटी लावायची नाही. एकाने जरी अंग काढून घेतले तरी सगळे व्यंकटचे.

कारण लिहून ठेवते. २०१५च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरले नाही, म्हणून स्वयंपाक इथेच केला. सभेने तांदूळ आणले, मंडळाने भांडी आणि माणसे, एन्नोरच्या बायकांनी होड्या. मंडळाची चिटणीस संयुक्ता माझ्याशेजारी बसून कांदे चिरायची. "अक्का, तुमच्या आमटीत चिंच फार," म्हणायची आणि पुन्हा वाढून घ्यायची. आमचे हे गेल्यानंतर मी इतकी आनंदात कधीच नव्हते. ते दिवस परत हवेत, एवढीच माझी इच्छा.

मग पूर ओसरल्यावर झालेल्या सत्काराच्या फलकावर कोणाचे नाव वर, यावरून सभेचे अध्यक्ष मालोजीराव आणि मंडळवाले भांडले. मालोजीराव, नाव वर आले ना? झाले समाधान? त्या दिवसापासून संयुक्ताने या घराची पायरी चढलेली नाही. पुढच्या पुरात तिघांनी तीन चुली मांडल्या. पुढच्या गल्लीत जेवण तीनदा पोचले, मागच्या गल्लीत लेकरे उपाशी झोपली. कोणी कोणाला विचारलेच नव्हते.

३. मंडळाचे मोठे पातेले माझ्याकडे आहे. चोरलेले नाही. आमच्यात दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत, आणि एवढे पातेले एकट्या बाईने भरायचे तरी कशाने?

४. दागिने नात भव्या हिला. मालोजीरावांना काही नाही.

५. संयुक्ताला जरीची साडी द्यायचे मनात होते. पण वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून साडीही भव्याला. संयुक्ता, तुझ्यासाठी काही ठेवलेले नाही. संध्याकाळी फाटक वाजले की अजून वाटते, तूच आलीस. दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीशिवाय हा कागद कायद्याने फुकट, खालचा मजलाही मग व्यंकटचाच. तुझ्याऐवजी दुसरा साक्षीदार मी शोधणार नाही.

अंबत्तूर, चेन्नई
२ नोव्हेंबर २०२५

(सही) हेमलता बालाजीराव सुर्वे

साक्षीदार १: राममूर्ती, शेजारी (सही)
साक्षीदार २: संयुक्ता देशमुख (सही बाकी)