गुरू ग्रहाकडे रोखलेली दुर्बीण व कॅमेरा परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. ठाणे अंमलदार,
पोलीस ठाणे.

विषय : अंगणातून जप्त केलेली दुर्बीण परत मिळणेबाबत; ते शक्य नसल्यास कॅमेऱ्यातील चित्रण पाहणेबाबत.
संदर्भ : आपल्या हवालदारांनी दिलेली जप्तीची पावती.

महोदय,

मी लिफ्टदुरुस्तीचे काम करतो व तळमजल्यावर सपत्नीक राहतो. मागच्या अंगणातून ग्रहांचे फोटो काढणे हा माझा एकुलता एक नाद. गेल्या शुक्रवारी आभाळ निरभ्र होते आणि गुरूच्या बिंबावरून त्याच्या एका चंद्राची सावली सरकणार होती. गुरू समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीमागून वर येतो. सबब दुर्बिणीचे तोंड त्या इमारतीकडे होते, हे मी नाकारत नाही.

त्या वेळी तिथल्या शिक्षिकाबाई गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होत्या. मला फोटो काढताना ग्रहाशी बोलायची खोड आहे. "ये, अजून थोडं वर ये. बास, आता हलू नकोस," असे मी मोठ्याने म्हणालो, हेही खरे. ते गुरूला उद्देशून होते. बाईंनी आरडाओरडा केला त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या जागी माझी बहीण असती तर तिने चप्पलच फेकली असती.

हवालदारसाहेबांनी दुर्बिणीवरचा कॅमेरा काढायला लावून तिला डोळा लावला, परंतु गडबडीत तिला धक्का लागून गुरू निसटला होता. "सगळा काळोख आहे. काय बघत होतास?" असे त्यांनी दरडावले. मी "गुरू" म्हणालो. "कुणाचा गुरू?" असे त्यांनी विचारताच जमलेले लोक हसले आणि दुर्बीण कॅमेऱ्यासह जप्त झाली.

तेव्हापासून रोज रात्री आभाळ लख्ख असते आणि मी अंगणात येरझाऱ्या घालतो. शेजारी माझ्याशी बोलत नाहीत. परवा लिफ्ट अडकली, तर सहाव्या मजल्यावरचे आजोबा धापा टाकत जिना चढले, पण मला हाक मारली नाही. आपण म्हणाल तर मी अंगणाला उंच भिंत घालीन. तोंडाला पट्टी बांधून फोटो काढीन. आपला शिपाई शेजारी बसवावा, त्याला चहा मी देईन.

परंतु महोदय, मूळ दुखणे वेगळे आहे. पत्नीने आजवर माझ्या नादाला नावे ठेवली, पण थंडीत शाल आणून तीच खांद्यावर टाकायची. त्या रात्री सगळे पांगल्यावर तिने दार लावले आणि हळूच विचारले, "खरं सांगा, ग्रहच बघत होतात ना?" मी हो म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि तिने दुसऱ्या खोलीत आपले अंथरूण घातले. ते अजून तिथेच आहे.

हवालदारसाहेब येईपर्यंत कॅमेरा चालू होता. त्यात गुरू आला असावा, अशी माझी खात्री आहे. पण पाहिलेले नसल्याने शपथेवर सांगता येत नाही. हा अर्ज देण्यास पत्नी माझ्यासोबत आली आहे. "बघितल्यावर बोलू," एवढेच ती वाटेत म्हणाली.

तरी दुर्बीण खुशाल ठेवून घ्यावी. चित्रण मात्र आजच तिला दाखवावे. मी बाहेर बाकावर थांबतो.

आपल्या दारी बसलेला,
(सही)
अर्जदार

सोबत : जप्तीच्या पावतीची प्रत.