उपासाले चालते

प्रिय दुर्गेश,

‘प्रिय’ लिहिलं, कारण आईनं पत्र असंच सुरू करायला शिकवलं. खुश होऊ नको. तू माझा फोन कट करतोस, मेसेज पाहून गप्प राहतोस, म्हणून कागदावर लिहून राहिले आहे. घरी न पाठवता तुझ्या कळमन्याच्या गोदामात पाठवते. सोनिकासमोर तुला पुन्हा गरीब बिचारा व्हायची संधी मिळायला नको.

चाळीस वर्षं झाली, आई नवरात्राचे नऊ दिवस फळं आणि दुधावर काढते. मागच्या वर्षी पाचव्या दिवशी तिला चक्कर आली, तेव्हाच मी म्हटलं होतं, अडुसष्टची झालीस, बीपीची गोळी चालू आहे, आता उठता-बसता उपास धर. तिनं माझ्यावर डोळे वटारले. तू मोठा शहाणा निघालास! ज्या एनर्जी ड्रिंकची एजन्सी घेतली, त्याचा खोका यंदा थेट देवघरापाशी आणून ठेवलास. यात धान्य नाही, मीठ नाही, कांदा-लसूण नाही, उपासाले चालते! तिला लगेच पटलं, कारण सांगणारा तू होतास.

आईकडे कामाला येणाऱ्या कांताबाईनं मला नंतर सांगितलं, आई आधी चांदीच्या वाटीत दोन घोट ओतून देवीला दाखवायची आणि मग उरलेला कॅन प्यायची. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळच्या आरतीआधी एक. मला फोनवर कौतुक सांगायची, माह्या बाबूनं ताकदीचं देलं, का तरतरी आली वं! मला वाटलं ग्लुकोज असेल. छातीत जरा धडधडते म्हणाली, तर मी म्हटलं पाणी पी. हो, मी तेवढंच म्हटलं. कळमेश्वरहून यायला एक तासही लागत नाही, तरी आले नाही. ते माझं मी भोगून राहिले आहे, तू त्यात तोंड घालू नको.

अष्टमीच्या दुपारी ती फुलं निवडता निवडता छाती धरून खाली बसली. मी पोचले तेव्हा आयसीयूत होती. नाडी एकशे साठच्या वर, आणि ठोक्यांना काही ताळतंत्र नाही. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, उपासात काय काय घेतात? तू माझ्यादेखत म्हणालास, लिंबूपाणी. लाज कशी नाही वाटली रे? दुसऱ्या दिवशी मी तिचं लुगडं आणायला घरी गेले, तर देवघराखालच्या पिठाच्या पोत्यात बावीस रिकामे कॅन. त्यातला एक नेऊन मीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी फिरवून वाचला आणि म्हणाले, रिकामं पोट, बीपी, त्यात दिवसाला एवढं कॅफिन, या वयात हृदयाची लय बिघडणारच. हे कालच काहून नाही सांगितलं?

आई सावध झाली तेव्हा तिला हे सांगितलं. तर मलाच म्हणते, उत्तराले भावाची भरभराट पाहवत नाही. देवीनं घेतलेल्या वस्तूनं का नुकसान होईन? तू पलंगाशी बसून संत्रं सोलत होतास. तिला एक-एक फोड भरवत होतास आणि मी दारात उभी राहून खोटारडी ठरत होते. त्या दिवसापासून मला तुझं तोंड पाहावंसं वाटत नाही.

एक गोष्ट मी अजून कोणाला सांगितली नाही. राखीला मी तुझ्या घरी होते. सोनिकाला पाचवा महिना. तिनं फ्रिजमधून कॅन काढला, तोंडाला लावणार तोच तू तो हिसकावलास. कॅनवरची बारीक अक्षरं तिला वाचून दाखवलीस, गरोदर बायकांनी घेऊ नये. वरून म्हणालास, हे हार्टवर जाते, घरात कोणी पिऊ नका. मी हसले, म्हटलं बायकोला किती जपतो! दीड महिन्यानं तोच माल तू आईच्या देवघरापाशी ठेवलास.

काल आई म्हणाली, देवीनं वाचवलं म्हणून पाडव्याला चैत्राचे घटही बसवणार, नऊच्या नऊ दिवस धरणार. आणि बाबूला खोका सांगून ठेवला आहे. डॉक्टर म्हणाले आहेत, पुन्हा असं झालं तर ठोके ताळ्यावर येतीलच असं नाही. ती त्यांचं ऐकत नाही, माझं तर नाहीच नाही. तू खोका पाठवला नाहीस तरी भागणार नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. म्हणून हे पत्र. पाडव्याआधी ये, तिच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडानं सांग, आई, मले माहीत होतं, तरी तुले देलं. ती रडेल. तुला घराबाहेर काढेल. कदाचित पुन्हा कधी बाबू म्हणणार नाही. पण तू तिच्या मनातून उतरल्याशिवाय ती ते प्यायचं सोडणार नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही. माझा तुझ्यावरचा राग जायचा नाही, तरी तुझ्यापुढे हात जोडते, दुर्गेश. तिला तुझ्यावर रागावू दे.

नाइलाजानं का होईना, तुझीच बहीण,
उत्तरा