स्वयंपाकघरातली खुर्ची

२ जून

तिकिटं मिळाली! सकाळीच यामिलाचा फोन. पोरगी फोनवरच किंचाळली, "आई, दोन मिळाली! तुझं आणि बाबांचं!" कोपा फुटबॉल स्पर्धेतली तिसरी मॅच, आपला आकाशी-पांढऱ्या शर्टांचा संघ आणि पराग्वे, आणि तीही तिच्याच गावात, ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रेला. राहायला लेकीचं घर, न्यायला-आणायला जावई. आणखी काय पाहिजे माणसाला? हातातला झारा तसाच टाकून मी अंगणात धावले.

निकानोर उन्हात बसून मातेचा कडू चहा पीत होता. सांगितलं. मला वाटलं, उठून नाचेल. तर म्हणतो कसा, "मी नाही येणार."

"का?"

"मी इथून हललो तर हरतील ते."

झालं! एवढा संसार झाला, पण या माणसाबरोबर मी पूल ओलांडून पलीकडच्या ब्राझीलमध्ये पिठाची पिशवी आणायला गेले असेन तेवढीच. उरुग्वायानाच्या बाजारापुढे कधी पाऊल नाही. आणि आता तिकिटं हातात आली तर याला शकुन आठवतोय.

३ जून

ती खुर्ची जाळून टाकावीशी वाटते.

दोन वर्षांपूर्वीची फायनल. आपण एक गोल खाली. सगळी गल्ली आमच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीपुढे. निकानोर मध्येच उठला. "डोळ्यांत पाणी येतंय," म्हणाला, आणि आत स्वयंपाकघरात जाऊन बसला, भिंतीकडे तोंड करून, रेडिओ कानाशी. बसला आणि गोल! मग दुसरा! जिंकलो! तेव्हापासून मॅच असली की त्याची जागा तीच. तीच खुर्ची, तीच भिंत, तोच रेडिओ. शेजारचा अतिलिओ खाटीक बाहेर डाव्या बाजूच्या स्टुलावर, मी मातेच्या गरम पाण्याचा थर्मास मांडीवर घेऊन दोन्ही खोल्यांमधल्या दारात. रेडिओवर गोल आधी येतो, टीव्हीवर मागून. म्हणून निकानोरनं आधी ओरडायचं नाही, असाही नियम. तोंडात फडकं धरून बसतो बिचारा.

याला कुणी हसत नाही. इथे सगळ्यांचं काही ना काही असतंच. कोपऱ्यावरचा औषधवाला स्पर्धाभर एकच मोजा घालतो, न धुता. मीही मानते. नाही मानत असं कोण म्हणालं? पण म्हणून काय जन्मभर भिंतीकडे बघत बसायचं?

५ जून

मला घाई का आहे ते इथेच लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही — तो कुणाला सांगू देत नाही.

काचबिंदू. मार्चमध्ये डॉक्टरकडे गेलो तेव्हा मला बाहेरच्या बाकावर बसवलं. "मी काय कुकुलं बाळ आहे?" म्हणाला आणि एकटाच आत गेला. बाहेर आला तो हसत. डावा गेल्यातच जमा आहे, पण उजवा चांगला आहे, वर्षभर तरी चिंता नाही म्हणे. वर्षभर! पुढची कोपा कधी, कुठे, कुणाला ठाऊक! तोवर काय उरणार?

हा माणूस तरुणपणी भाताच्या गिरणीतून सुटला की लीगच्या मॅचेसना लाइन्समनचा झेंडा घेऊन धावायचा. गावाच्या शिव्या खाल्ल्या त्यानं. "आंधळा आहेस का रे!" म्हणून लोक ओरडायचे, आणि हा घरी येऊन चिखलाचे बूट काढता काढता हसत सांगायचा, "माझा डोळा चुकत नाही, झुले!" खरंच चुकायचा नाही. त्या डोळ्यांनी एकदा खरा संघ खऱ्या हिरवळीवर बघावा. एकदाच. मला दुसरं काही नको आहे.

९ जून

अतिलिओ आला. अंगावर रक्ताळलेला ॲप्रन तसाच. गल्लीत बातमी पोचली वाटतं.

"झुलेमाबाई, ऐकतोय ते खरं आहे? तुम्ही त्याला हलवताय?"

"मॅच बघायला नेतेय. नवरा आहे माझा, कपाट नाही."

"मॅच टीव्हीवर पण दिसते."

"त्याला कुठे दिसते? तुम्ही सगळे मिळून त्याला भिंतीकडे तोंड करून बसवता!"

"तिथे बसतो म्हणून तर आपण जिंकतो!" अगदी हात जोडले त्यानं. "त्याला नेऊ नका. आणि नेलंतच, आणि हरलो, तर मी तुमच्याशी बोलणार नाही असं नाही. पण चांगलं मटण विसरा."

मी निकानोरकडे बघितलं. वाटलं, आता तरी म्हणेल, की अरे बाबा, मलाही बघावंसं वाटतं. तो मान हलवत होता — अतिलिओच्या बाजूनं! "ऐकलंस?" मला म्हणतो. "मी एकटाच नाही म्हणत."

१० जून

आज दोघांशीही बोलले नाही. फरक कुणालाच पडला नाही.

१३ जून

थंडी कडाक्याची. नदीवरून वारा येतो तो थेट हाडांत शिरतो.

उरुग्वायानाहून सुटणाऱ्या बसमध्ये दोन जागा धरून ठेवल्या. सांगितलं त्याला. त्याच वेळी तो माते ओतत होता. उकळतं पाणी भांड्याच्या बाहेर, टेबलावर, त्याच्या हातावर! "लक्ष कुठे असतं तुझं?" मी ओरडले. "बसचं नाव काढलं तर एवढा राग? हात भाजून घेशील?"

नळाखाली हात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "गुडघा पण दुखतो गं. एवढा प्रवास नाही झेपणार." अगोदर शकुन, आता गुडघा. उद्या सांगेल दात दुखतो.

१५ जून

पहिली मॅच. जिंकलो.

जिंकलो तेव्हा बाहेर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. आणि मी, देवा क्षमा कर, मला रडू आलं. अतिलिओ आत धावला आणि निकानोरच्या टकलाचा मुका घेतला. "हलू नकोस!" म्हणाला. "श्वास घे, पण हलू नकोस!" निकानोर हसत होता, भिंतीकडे बघूनच.

१६ जून

यामिलाचा फोन. निकानोरला दिला. "पुढच्या वेळी येऊ हं पोरी," असं म्हणाला तिला. पुढच्या वेळी!

मग जांदीर बोलला, आमचा ब्राझीलियन जावई. "आई, बाबांना सांगा, मी पिवळा शर्ट घालून समोर येणार नाही. शपथ!" लग्नानंतर पहिल्यांदा इथे जेवायला आला तेव्हा गंमत म्हणून त्यांच्या संघाचा पिवळा शर्ट घालून आला होता. मांस निखाऱ्यांवर तसंच टाकून निकानोर फाटकाकडे गेला आणि जावयाला बाहेर काढलं. "या घरात तो रंग येणार नाही! रस्त्यावर कपडे बदल आणि मग ये." यामिला रडली, मी शरमेनं मेले, आणि जांदीर बिचारा रस्त्यात उघडा उभा. तेव्हा नाकं मुरडली होती मी. आज वाटतं, त्या तावातला थोडा तरी याच्यात शिल्लक असता!

फोन ठेवून परसात गेले. वाळत घातलेल्या चादरींमध्ये उभी राहून रडले. तिथे कुणी येत नाही.

२० जून

दुसरी मॅच काल. बरोबरी. आता पराग्वेला हरवलं तरच पुढे. नाही तर सामान बांधा!

अतिलिओ म्हणतो, बरोबरी माझ्यामुळे. मी मध्येच थर्मास खाली ठेवला म्हणे. ठेवला! मांडी भाजत होती! आज सकाळी अख्खी गल्ली दारात. औषधवाला, त्याची आई, अतिलिओ, त्याचे दोघे भाऊ. कुणी रागावलं नाही. सगळे इतक्या मऊ आवाजात बोलले की मला भीतीच वाटली. "तुझ्याशिवाय होणार नाही निकानोर," औषधवाल्याची आई म्हणाली आणि त्याच्या हातात चिपाच्या गरम पावांची पिशवी ठेवली. माझ्या हातात काही नाही. मी घातकी ना!

ते गेल्यावर मी त्याच्यापुढे बसले. म्हटलं, "निकानोर, शकुन बाजूला ठेव. माझ्यासाठी चल. तुझा डोळा आहे तोवर चल."

"नको गं झुले. नको मागे लागूस."

असं म्हणाला, की मग विचारवेनाच. संध्याकाळी यामिलाला सांगितलं, तिकिटं दुसऱ्या कुणाला दे. ती म्हणाली, सोमवारपर्यंत थांबते. कशाला थांबतेस? संपलं सगळं.

२१ जून

झोपेतून उठले ते डोक्यात एक घेऊनच.

त्या खुर्चीचा गुण घालवायचा! शकुन एकदा मोडला की मोडला. मग तिथे बसून काय उपयोग? आणि तो मोडायचा तर काहीतरी भयंकर घडायला पाहिजे घरात. आरसा वगैरे नाही. त्याहून वाईट.

पूल ओलांडला. उरुग्वायानाच्या बाजारातून पिवळा शर्ट आणला. विकणारा मुलगा माझं बोलणं ऐकून हसला, "पक्ष बदलला का, आजी?" हातातली पिशवी जळतेय असं वाटत होतं. येताना पुलावर अतिलिओचा भाऊ भेटला. त्यानं विचारलं, काय आणलंत? म्हटलं, पीठ.

निकानोर चिडेल. ओरडेल. कदाचित मलाही फाटकाबाहेर काढेल. काढू दे! पण मग खुर्ची बाटलेली असेल, आणि न जायला त्याच्याकडे कारण उरणार नाही.

२२ जून

शर्ट घातला. आरशात बघवेना.

दुपारचं लख्ख ऊन. तो अंगणात संत्री सोलत बसला होता. समोर जाऊन उभी राहिले, हाताच्या अंतरावर. छाती धडधडत होती.

"बघ! बघ मी काय घातलंय!"

त्यानं मान वर केली. अगदी माझ्याकडे. हात पुढे करून बाही चाचपली. हसला.

"नवा शर्ट? मॅचसाठी घेतलास?" म्हणाला. "छान केलंस. आकाशी रंग तुला पहिल्यापासून शोभतो."

आणि संत्र्याची फोड पुढे धरली. मी घेतली. खाल्ली. "हो," म्हणाले.

२३ जून

दिवसभर गप्प राहायचं ठरवलं होतं. नाही जमलं. दुपारी सांगून टाकलं — शर्ट पिवळा होता.

तो म्हणाला, "त्या फायनललाच चेंडू दिसेनासा झाला होता, झुले. म्हणून उठून आत गेलो. आणि नेमका गोल झाला. सगळे ओरडले, तिथेच बस, हलू नकोस! मी म्हटलं, चला, सुटलो. आता कुणी विचारणार नाही."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरनं जे सांगितलं ते मी तुला सांगितलंच नाही. आता उजेड कळतो. तू आलीस की सावली कळते. रंग गेले."

"आणि म्हणून यायचं नव्हतं?"

"तिथे तू मला सारखी विचारणार, बघितलंस का, बघितलंस का! मी काय सांगणार होतो?"

मी दारात बसायचे. दोन वर्षं, थर्मास घेऊन, त्याच्या पाठीकडे बघत. मला कळलं नाही! गल्लीत कुणालाच कळलं नाही. आंधळ्या माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवलं आम्ही आणि वर नशीब म्हणालो. ओरडले त्याच्यावर. खूप ओरडले. मग त्याच्याच खांद्यावर रडले. कुणासाठी तिकिटं मागितली मी! काय दाखवणार होते!

२६ जून

बसमध्ये. अक्षर हलतंय.

सोमवारी सकाळी उठले तर हा बूट घालून तयार. "यामिलाला फोन कर. आता तुझ्यापासून लपवायचं काही उरलं नाही, मग जायला काय हरकत आहे?" अतिलिओला त्यानं स्वतःच सांगितलं, सगळं. अतिलिओ ॲप्रनला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "खुर्ची रिकामी ठेवायची नाही. मी बसतो. भिंतीकडे तोंड करून."

पिवळा शर्ट जांदीरसाठी बरोबर घेतलाय. निकानोरनं खिडकीशी मला बसवलंय. म्हणाला, "तू बघ आणि बोलत राहा. मध्ये थांबू नकोस हं." म्हणून वही आता बंद करते.