तारा एकच मिळाला

प्रिय पायल,

परवा फोनवर तू म्हणाली का पहिल्या बाळंतपणाले पुढच्या महिन्यात मोहर्लीले येणार, अन् मी नुसती हो हो करत राह्यली. तुझा आवाज आला का मले दुसरं बोलताच येत नाई. म्हणून लिहून राह्यली.

नवीन घराचं सांगते. वानरं उड्या मारून छपराचे कवेलू फोडत, दरसाल तुझे बाबा छतावर चढलेले. शेवटी कंटाळून मातीच्या भिंती पाडल्या अन् स्लॅब टाकला. सफारीचे पाहुणे उतरतील, त्या कमाईतून कूलर येईल, पायलचं बाळंतपण थंडाव्यात होईल, असं बाबा गावभर सांगत फिरले. त्याहिले कोण अडवते?

पण पाहुणे पाठवणाऱ्या कंपनीनं घराचा दाखला मागितला. कमी विजेत घर किती थंड राह्यते, त्याचा. फ्रिजवर असतात तसे तारे आता घरालेही देतात म्हणे. तपासायले दिव्यानी मॅडम येणार, तर बाबांनी आदल्या दिवशी अंगणातला जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव मोडून टाकला. नवा रंग दिसला पाह्यजे ना! दिवसभर भिंतीनं ऊन खाल्लं. मॅडमनं यंत्र लावलं, कागदावर हिशेब केला अन् एकच तारा दिला. बाबा मांडवाचं सांगत राह्यले. ती म्हणाली, मांडव असता तरी एवढाच मिळाला असता, स्लॅबच तापते. मग तिनं जुनं मातीचं घर कसं होतं ते विचारलं, तर बाबा मोडलेल्या डहाळ्या गोळा करायले गेले.

एका ताऱ्यावर कंपनी पाहुणे पाठवत नाई, पाहुणे नाईत तर कूलरही नाई. पंखा गरम हवा फेकते. मागच्या आठवड्यात शेजारच्या बुधरीची लेक तिचं तान्हं घेऊन आपल्या घरात घडीभर बसली, तर लेकराचं अंग तापून डोळे फिरले. दवाखान्यात नेलं म्हणून वाचलं. तरी बाबा म्हणतात, मांडव दाट करू, फरशीवर पाणी मारू, पोरगी आपल्याच घरी येईल.

पायल, तू येऊ नको. लेकीले पहिल्या बाळंतपणाले नको म्हणणारी आई मी आजवर पाह्यली नाई, अन् ती मीच झाली. राजुऱ्यालेच राह्य, तुझ्या सासूबाईंले मी हात जोडते. बाबांचा फोन आला तर तूच सांग, मले सासरीच बरं वाटते. ते तुझ्यावर रागावतील, रागावू दे. आपण बांधलेल्या घरात लेकीले ठेवता येत नाई, हे त्याहिले माझ्या तोंडून ऐकवल्या जाणार नाई.

तुझीच,
आई