तळाचे दोन मार्क

ख्राइस्टचर्च,
१४ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
विनयाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ऐकून घेणार नाही, म्हणून पत्र. हॉस्पिटलातल्या ड्युटीतून सुट्टी मिळाली तशी आरुषीला घेऊन मानापौरी सरोवर पाहून आले. बाबा, भूगोलाच्या तासाला तुम्ही फळ्यावर काढायचात तशीच्या तशी दरी! दोन्हीकडे उभे कडे, पाण्यापर्यंत उतरलेलं दाट रान, मध्ये तीसेक बेटं आणि पाणी गडद, जवळजवळ काळं. हिमनदीने हे सगळं कसं कोरलं, ते मी लेकीला तुमच्याच शब्दांत सांगितलं. तिने मराठीत ऐकलं आणि इंग्रजीत शंका विचारल्या.

मग बोटीवरच्या बाईंनी सांगितलं, की पाणी समुद्रसपाटीपासून १७८ मीटर उंचावर आणि खोली ४४४. करा वजाबाकी. तळ समुद्राच्याही खाली!

नववीत मी डोंगरातल्या सरोवराचा तळ असाच समुद्रपातळीखाली दाखवला, तेव्हा तुम्ही माझी वही वर्गासमोर उंच धरून हे अशक्य आहे म्हणालात आणि दोन मार्क कापलेत. ते परत हवेत. मी अंदाजानेच काढलं होतं, हे कबूल.

आई गेल्यापासून तीन वर्षं बोलावतेय. जग नकाशात पाहून झालं, म्हणता. त्या बोटीवर मला मात्र तुमची इतकी आठवण आली, की रडूच आलं.

तुमच्या लोभाला इथे जागा पुष्कळ आहे.

तुमची,
विनया


सांगली,
३ फेब्रुवारी २०२५

चि. विनयास,
अनेक आशीर्वाद.

पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला. वजाबाकी केली, उणे २६६. ॲटलास काढला, भिंग घेतलं, पुन्हा तेच. एकतीस वर्षं मी मुलांना उलटं ठणकावून सांगितलं, याची लाज वाटली. मग सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना तुझं पत्र वाचून दाखवलं आणि छाती फुगली. चूक तुमचीच निघाली आणि मिरवताय कसले, असं चंद्रहासरावांनी विचारलं. ती काढली कुणी, माझ्या मुलीने, असं मी त्यांना ऐकवलं.

आरुषीला सांग, शंका कोणत्याही भाषेत चालतील. उत्तरं मराठीत मिळतील.

राहिले मार्क. ऐकीव माहितीवर मी कधी कुणाला मार्क दिले नाहीत, तुलाही देणार नाही. सरोवर स्वतः पाहीन, मग ठरवीन. पासपोर्टचा फॉर्म काल भरला. तळ दिसणार नाही, हे मला ठाऊक आहे. तू मुकाट्याने व्हिसाचे कागद पाठव.

बाकी लोभ समक्ष. लाल पेन घेऊन येतो.

बाबा