पुढच्या बाजूच्या गाठी

४ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पार्सल बघून घाबरू नकोस. अप्पांच्या पलंगावरचं समुद्राचं चित्र आहे. भिंत रंगवायची म्हणून उतरवायला गेलो, तर कापड खिळ्याला अडकलं आणि होडीपासून आकाशापर्यंत टर्रकन फाटलं. खिळा मीच ठोकला होता, त्यामुळे बोल लावायला दुसरं कोणी नाही.

लहानपणीच्या त्या सुट्टीत समुद्रावर पोचताच मला गालगुंड झालं, खोलीबाहेर जाऊ देईनात म्हणून मी भोकाड पसरलं, आणि आईने माझ्यासाठी हा समुद्र शिवला. अप्पांचा रुमाल, तुझ्या फ्रॉकची झालर, लॉजच्या पडद्याचा तुकडा (तो तिने कसा मिळवला ते अप्पा अजून सांगत नाहीत). तिला शिवण येत नव्हतं, हे मान्य. पण ती गेल्यापासून अप्पा सकाळी उठले की आधी त्यावरून हात फिरवतात. आता त्यांना जवळजवळ दिसतच नाही. सध्या धुवायला दिलंय असं सांगून वेळ मारून नेतोय. तू शिवणकामातली, मी पंपदुरुस्तीतला. सांभाळून घे.

तुझा,
धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चित्र परत पाठवते आहे. कुठे फाटलं होतं ते शोधून दाखवलंस तर पुढच्या वेळी येशील तेव्हा तुला दोन शर्ट फुकट.

नुसती फाट सांधून भागणार नव्हतं. आईचे टाके म्हणजे एक इकडे, एक तिकडे, आणि गाठी सगळ्या पुढच्या बाजूला! दुकानातल्या मुलींनी बघू नये म्हणून मी ते घेऊन आतल्या खोलीत बसले. सगळं उसवलं, तुकडे इस्त्री केले आणि मुळापासून शिवलं. आठवतं ना, आईने शिवलेल्या युनिफॉर्मची बाही माझ्या खांद्यावरून भर वर्गात, फळ्याजवळ निखळली होती? शिवण शिकायचं मी त्याच दिवशी ठरवलं. आज तिने हे काम पाहिलं असतं तर खूश झाली असती.

अप्पांना नमस्कार. सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
ताई

२४ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काम देखणं झालंय, त्यात वाद नाही. तरीही पार्सल परत आलंय ते का, ते सांगतो.

अप्पांनी चित्रावरून हात फिरवला आणि मध्येच थांबले. म्हणाले, की हे आपलं नाही. तिला इतकं नीट शिवताच येत नव्हतं. पुढच्या गाठींवरून त्यांना होडी कुठे, दीपगृह कुठे ते कळायचं. आता सगळं सपाट. त्यांच्या मते, रंगकामाच्या गडबडीत हिने जुनं फेकलं आणि दुकानातून हे आणलं. तू दुरुस्त केलंस असं मी शपथेवर सांगितलं, तर बायकोला पाठीशी घालू नकोस म्हणाले.

भांडत नाहीत, ओरडत नाहीत. फक्त इतकी वर्षं हिला अगं-तुगं करणारे अप्पा आता अहो-जाहो करतात. तुम्ही चहा ठेवा, तुम्ही राहू द्या. ही स्वयंपाकघरात जाऊन रडते आणि माहेरी जाते म्हणते. अप्पा भिंतीकडे पाठ करून बसतात. एकच वस्तू होती तिची, तीही गेली, एवढंच म्हणतात. मला काही सुचत नाही.

तुझा,
धाकटा

६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी रागच आला. गिऱ्हाइकाने कपडा परत आणला तर येतो तसा. म्हणून उत्तराला उशीर.

मग मी वाईट शिवायला बसले. डाव्या हाताने शिवून पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. टाका आपोआप सरळच पडतो, आणि मुद्दाम वाकडा घातला की नाटकी दिसतो. अप्पा लगेच ओळखतील. शेवटी माझी सगळी शिवण काढली आणि तुकडे कच्च्या दोऱ्याने जागेवर धरून ठेवलेत. आता तू शीव. हसू नकोस. होस्टेलवर असताना तू सांधलेला मोजा मी पाहिला आहे.

दोरा दुहेरी घे. कापड निरखून बघ, आईच्या सुईची भोकं अजून थोडी दिसतात, त्यांतूनच जा. आणि मुद्दाम बिघडवू नकोस. जीव लावून, चांगलं शिवायचा प्रयत्न कर. आई प्रयत्नच करायची.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शिवलं. वर्कशॉपमध्ये, पंप बाजूला सारून. बोटांची चाळण झाली. दीपगृह एकदा माझ्या पॅंटसकट शिवलं गेलं. गाठी मागे मारायच्या ठरवल्या होत्या, सगळ्या पुढेच आल्या.

अप्पांनी बराच वेळ हात फिरवला. मग म्हणाले, की हे तिचं नाही. पण पुढे म्हणाले, कापडं मात्र हाताला आपलीच लागतात, आणि कोणाचं काम हे ते विचारलं. मी माझं म्हणालो. त्यांनी माझी बोटं चाचपली आणि खदखदून हसले. तिचीही अशीच व्हायची म्हणाले. नंतर हिला हाक मारून, सूनबाई, माझं चुकलं गं, जरा चहा टाकतेस का, असं म्हणाले. ही पुन्हा रडली, पण माहेरचं नाव काढलं नाही. चित्र भिंतीवर आहे.

तुझा,
धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून बरं वाटलं, आणि हेवाही वाटला. खोटं कशाला बोलू? आईसारखं शिवायचं नाही म्हणून मी जन्मभर शिकले. ती सगळी तुझ्या हातात उतरली, आणि तू पंप खोलत बसलास.

अप्पांना सांगू नकोस, पण तुला सांगते. आईच्या हातचे जगात तेवढेच टाके उरले होते. ते मी एकेक करून उसवले आणि दोरे केरात टाकले. वर तुला शर्टांची पैज लावली.

सोबत माझी बाजारची पिशवी आहे. बंद निघालाय. इथे चार मशिनं धडधडतात आणि मी स्वतः बसलेली आहे, तरी तूच शिवून पाठव. बटाट्याच्या वजनाने दोन दिवसांत पुन्हा निघेल. निघू दे, मी परत पाठवीन.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई