सकाळी सहाच्या तीन गोळ्या

३ मार्च
लिहायला बसले, कारण डायलिसिसच्या सिस्टरनी सगळ्यांदेखत विचारलं की फॉस्फेट उतरवायच्या गोळ्या खरंच घेता ना. रक्तातलं फॉस्फेट ७.८. साडेपाचच्या खाली हवं, नाहीतर हाडं ठिसूळ, रक्तवाहिन्या कडक, अंगाला खाज. चीज आणि कोल्यात ते ठासून भरलेलं, म्हणून वर्ज्य. तीस वर्षं परीक्षा विभाग चालवला, एक पेपर फुटला नाही. आणि मला विचारतात!

यजमानांनी तेवढ्यात साधून घेतलं. महिन्याभरात आकडा उतरला नाही, तर गोळ्यांचा डबा आणि खाऊच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. म्हटलं, कबूल. ज्यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, ते मला सांभाळणार.

४ मार्च, सकाळी ६
दिवसाच्या तिन्ही गोळ्या घेऊन मोकळी. कामं सकाळीच उरकावीत. चावून खायच्या म्हणे. मी काय शेळी आहे? घोटभर पाण्याबरोबर गिळल्या.

९ मार्च
डायलिसिसला शेजारच्या खुर्चीत एक ट्रकवाला असतो. एका हाताला नळ्या, दुसऱ्यात सँडविच. पहिल्या घासालाच गोळी कडाकडा चावतो. मला म्हणाला की मावशी, घासाबरोबर घ्या, ती बिचारी पोटात एकटी बसून काय करणार? शिस्त सगळ्यांना झेपत नाही.

१५ मार्च
अंगाला खाज. साबण बदलला.

१९ मार्च
खाज. ह्यांचाही साबण बदलला.
चीजचा एक तुकडा. तुकडा म्हणजे जेवण नव्हे.

२४ मार्च
दोन तुकडे. थोडा कोला. तो तर पातळच असतो.

३१ मार्च
तपासणीला रक्त दिलं. ट्रकवाल्याची कीव येते.

२ एप्रिल
ट्रकवाला ५.१. मी ८.३.
डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधी घेता. सांगितलं, सहाला, तिन्ही, एक दिवस न चुकता. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की गोळी अन्नातलं फॉस्फेट पोटातच धरून ठेवते. सहाला तुमच्या पोटात धरायला होतं काय?
म्हणजे वर्गात एकही परीक्षार्थी नसताना मी महिनाभर तीन-तीन पर्यवेक्षक बसवले.
ट्रकवाल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. नळ्या मात्र हलत होत्या.

२ एप्रिल, संध्याकाळ
यजमानांच्या ताब्यात दिलं: गोळ्यांचा डबा, एक. कपाटाची किल्ली, एक. चीजचे तुकडे, सात.
ह्यांना नेमका आजच चष्मा सापडला. मोजले, तर सहा भरले.
सातव्याबरोबर गोळी चावली आहे.